समुद्रापर्यंतच्या वाटेवर आमची शेतं आहेत : खान्देशच्या खासदार-आमदारांना खुलं पत्र

प्रति,
जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार मतदारसंघांचे सन्माननीय खासदार,
तसेच जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतले सर्व सन्माननीय आमदार,

स. न. वि. वि.

कारखान्यांच्या आणि वीज केंद्रांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून दाट करायचा आणि समुद्रतळाखालच्या खडकात कायमचा कोंडून ठेवायचा, या तंत्राची चर्चा दिल्लीत काही वर्षांपासून गंभीरपणे चालू आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निती आयोगाने कार्बन पकडण्याच्या धोरणाचा आराखडा मांडला. पोलाद, सिमेंट, खत, तेलशुद्धीकरण आणि कोळशावरची वीज, सगळेच त्यात आहेत. आज ना उद्या यासाठी कायदा येईल, पैसा येईल, आणि त्या वेळी आपल्या तीन जिल्ह्यांतले चार खासदार आणि वीस आमदार सभागृहात बसलेले असतील. त्या दिवसाआधी हे पत्र आपल्या हातात पडावं म्हणून लिहिते आहे.

मी भुसावळला राहते, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माहेर यावल तालुक्यातलं, केळीवाल्यांचं. माझ्या वर्गात वीज केंद्रात नोकरीला असलेल्यांची मुलं असतात आणि शेतकऱ्यांचीही असतात. एकाच बाकावर बसतात. त्यामुळे या विषयाकडे एकाच बाजूने बघणं मला जमणारं नाही.

खान्देशाला समुद्र नाही. समुद्रतळाखालची साठवण म्हटली की हा मुंबईचा, सुरतेचा, फार तर ओएनजीसीचा विषय वाटतो. पण धूर कुठे निघतो ते बघा. आपल्या दीपनगरच्या औष्णिक केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, शिवाय ६६० मेगावॅटचा नवा संच आहे. कोळशाच्या विजेत एका युनिटमागे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. ५०० मेगावॅटचा एकच संच वर्षभर सत्तर टक्के क्षमतेने चालला तर सुमारे ३०० कोटी युनिट वीज होते. म्हणजे ३० लाख टनांच्या आसपास वायू, एका संचाचा, एका वर्षाचा. हा वायू पकडून टँकरने न्यायचा म्हटला तर वीस टनी टँकर रोज चारशेच्या वर लागतील. महामार्ग क्रमांक ५३ वर आजच काय परिस्थिती असते ते आपल्याला ठाऊक आहे. इतका वायू न्यायला पाइपलाइनशिवाय मार्ग नाही.

आणि ती पाइपलाइन कुठून जाईल? मी कुठल्या मंजूर नकाशाबद्दल बोलत नाही, भूगोलाबद्दल बोलते आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधून तापी पश्चिमेला वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. रेल्वेने हीच वाट धरली, महामार्गानेही बरीचशी हीच धरली. भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, नंदुरबार, नवापूर. विदर्भातला कोळशाचा धूर पश्चिम किनाऱ्यावर न्यायचा ठरला तरी वाट हीच सोयीची. समुद्र गाठेपर्यंत तीनशे किलोमीटरहून जास्त जमीन लागते आणि त्यातला मोठा तुकडा आपल्या मतदारांच्या सातबाऱ्यावर आहे.

आधी हे स्पष्ट सांगते की मी या तंत्राच्या विरोधात नाही. लोकांच्या मनात पहिली भीती समुद्राची असते: तळाखाली कोंडलेला वायू फुटून वर आला तर? या भीतीला उत्तर आहे आणि ते जवळपास तीस वर्षांच्या अनुभवाचं आहे. नॉर्वेने उत्तर समुद्रात स्लाइपनर इथे १९९६ पासून वर्षाला सुमारे १० लाख टन कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला आहे. तिथल्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड जास्त होता, विकण्याआधी तो काढावाच लागायचा, आणि नॉर्वे सरकारने १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उद्योगावर कार्बन कर लावलेला असल्याने हवेत सोडणं महाग पडणार होतं. कर नसता तर तो वायू सरळ आकाशात गेला असता.

जमिनीखाली साधारण ८०० मीटरच्या पुढे दाब इतका असतो की हा वायू द्रवासारखा दाट होऊन राहतो. वालुकाश्माच्या सूक्ष्म पोकळ्यांत खारं पाणी भरलेलं असतं, त्याला बाजूला सारून तो आत शिरतो. वर चिकणमातीच्या दगडाचा जाड, अभेद्य थर असतो, तो त्याला रोखतो. पुढे काही वायू पोकळ्यांतच अडकून बसतो, काही खाऱ्या पाण्यात विरघळतो, आणि शेकडो-हजारो वर्षांत काहीचं खनिज होतं. स्लाइपनरला ठराविक काळाने भूकंपलहरींनी तपासणी करून तो ढग कुठपर्यंत पसरला ते पाहिलं जातं. सगळं नेहमी सुरळीत होतं असंही नाही. नॉर्वेच्याच स्नोविट प्रकल्पात २००८ मध्ये वायू सोडायला सुरुवात झाल्यावर खडकातला दाब अंदाजापेक्षा लवकर चढला आणि २०११ मध्ये दुसऱ्या थरात वळवावं लागलं. पण दाब मोजला जात होता, म्हणून वेळेत कळलं. जपानमध्ये होक्काइदो बेटावर तोमाकोमाई बंदराजवळ २०१६ ते २०१९ या काळात ३ लाख टन वायू समुद्रतळाखाली सोडला गेला. त्या दरम्यान ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच बेटावर मोठा भूकंप झाला, तरी साठा जागेवर राहिला.

म्हणजे नीट निवडलेला आणि सतत मोजला जाणारा समुद्रतळ हा या साखळीतला सर्वांत भरवशाचा भाग आहे. माझी काळजी आहे ती धुराड्यापासून किनाऱ्यापर्यंतच्या भागाची, आणि धोरणाच्या चर्चेत नेमका त्याच भागाला सर्वांत कमी वेळ मिळतो.

दरवर्षी अकरावीच्या वर्गात मी एक साधा प्रयोग करते. मोठ्या चंचुपात्रात खायचा सोडा आणि व्हिनेगर घालायचं. फेस खाली बसला की पात्र रिकामं दिसतं. मग ते जळत्या मेणबत्तीवर पाणी ओतावं तसं तिरकं करायचं. काहीच पडताना दिसत नाही, आणि ज्योत विझते. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड आहे. तो खाली बसतो, उताराने वाहतो, खोलगटात साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. शेतकऱ्यांच्या मुलांना हे पुस्तकातून समजावून सांगावं लागत नाही. जुन्या विहिरीत गाळ काढायला किंवा मोटर दुरुस्त करायला उतरण्याआधी जळता कंदील दोरीने खाली सोडायचा, तो विझला तर उतरायचं नाही, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं असतं.

आता हा वायू शंभर बारच्या आसपासच्या दाबाने, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पन्नासेक पट दाबाने, एका पाइपमधून शेताखालून जातो आहे अशी कल्पना करा. २२ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया या छोट्या गावाजवळ अशीच पाइपलाइन फुटली. आधी भरपूर पाऊस झाला होता, टेकडीची माती सरकली आणि पाइपचा जोड तुटला. गाव साधारण मैलभर लांब होतं. वायूचा ढग उताराने गावावर आला. सुमारे २०० लोकांना हलवावं लागलं, ४५ जणांनी रुग्णालय गाठलं. मोटारी जागच्या जागी बंद पडल्या, कारण इंजिनालाही प्राणवायू लागतो. कुणी दगावलं नाही हे नशीब. चौकशीत निघालं की कंपनीने ढग किती लांब जाईल याचा जो अंदाज बांधला होता त्यात हे गाव धरलेलंच नव्हतं, आणि मदतीला धावणाऱ्यांना या धोक्याची आधी कल्पना दिलेली नव्हती.

हे मी आपल्या भागाला लावून बघते तेव्हा अंगावर काटा येतो. केळीची बाग आपण सगळ्यांनी आतून पाहिली आहे. आठ-दहा फुटांची खोडं, वर पानांचा मांडव, आणि उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याने पानं फाटू नयेत म्हणून बांधाला शेवरीची नाहीतर गजराज गवताची दाट ओळ. वारा आत येऊ नये म्हणूनच तर ती लावतात. त्या बागेत जड वायू शिरला तर तो निघणार कसा? आणि बागेत असतं कोण? शेतीची थ्री फेज वीज अनेकदा रात्रीची, त्यामुळे रात्री दोनला बॅटरी घेऊन व्हॉल्व्ह बदलायला गेलेला माणूस. एकटा. घाम आला, डोकं जड झालं, तर तो उन्हातान्हाचा थकवा समजून खाली बसेल. हा वायू टाळायचा तर उंचावर जायचं असतं, बसायचं नसतं. हवेत याचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं की काही मिनिटांत शुद्ध हरपते. १०८ ची गाडी बोलावली तर तिचंही इंजिन ढगात बंद पडेल.

पाइपची आणखी एक गोष्ट. नॉर्वेतले पाइप थंडगार समुद्राच्या तळावरून जातात. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी खऱ्या अर्थाने द्रव होत नाही, आणि त्या तापमानाच्या आसपास थोड्या फरकानेही त्याची घनता झपाट्याने बदलते. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. इथली जमीन खोलपर्यंत तापलेली असते. शिवाय वायूत पाण्याचा अंश राहिला तर कार्बोनिक आम्ल होऊन पोलादी पाइप आतून खातो. परदेशातली मापं उचलून इथे लावली तर चालणार नाही. आपल्या उन्हासाठी, आपल्या काळ्या मातीसाठी वेगळं मानक लागेल. ही माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यात पुरलेल्या प्रत्येक वस्तूला ती हलवते.

हे सगळं तंत्राने सुटू शकतं. जाड पोलाद, भेग पुढे पळू नये म्हणून ठराविक अंतरावर कडी, थोड्या थोड्या अंतरावर आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह, गावापासून अंतर, वायूला गॅस सिलिंडरसारखा वास, बागेत मोजणी यंत्रं, गावात भोंगा, ग्रामीण रुग्णालयात तयारी. प्रत्येकाला खर्च आहे. आणि खर्च वाचवण्याची पहिली जागा नेहमी तीच असते जिथे विचारणारं कुणी नसतं.

म्हणून कायद्याकडे येते. तेल-वायूच्या पाइपलाइनसाठी आपल्याकडे १९६२ चा पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइनचा कायदा आहे. त्यात जमीन घेतली जात नाही, जमिनीतून पाइप नेण्याचा वापरहक्क घेतला जातो. अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला २१ दिवस. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, एकदाच, शिवाय पिकाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. त्या बदल्यात त्या पट्ट्यात शेतकऱ्याला घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही, विहीर खोदता येत नाही. कायमचं.

आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर, इतर हक्काच्या रकान्यात, अशा एका पाइपलाइनची एक ओळ आहे. जमीन त्यांचीच, कसतातही तेच. पण पट्टा शेताच्या मधून तिरका गेला आहे. कूपनलिका आटली तेव्हा पाणाड्याने दाखवलेली जागा नेमकी पट्ट्यात निघाली. दुसरीकडे घेतलेला बोअर कोरडा गेला. बँकेत कर्जाला गेले की त्या ओळीवर बोट ठेवून विचारणा होते. अधिसूचना कधी निघाली होती हे घरात कुणालाच आठवत नाही, कारण ती कुणी वाचलीच नव्हती. यावल-रावेरकडे भूजल किती खोल गेलं आहे आणि काही वर्षांनी नवा बोअर घेतल्याशिवाय बाग तगत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. तापीच्या महापुनर्भरण योजनेसाठी आपण सगळेच इतकी वर्षं भांडतो आहोत ते त्याच पाण्यासाठी. तिथे विहिरीचा हक्क एकरकमी दहा टक्क्यांत सोडायला सांगणं अन्यायाचं आहे.

कार्बनच्या पाइपला हाच जुना कायदा लावणार का? माझी कळकळीची विनंती आहे की लावू देऊ नका. पेट्रोलच्या पाइपमधून माल जातो, तो कुणीतरी विकत घेतो. इथे पाइपमधून कचरा जाणार आहे, तो सांभाळण्याचं काम शेतकऱ्याची जमीन करणार आहे, आणि त्याचे कार्बन क्रेडिट दुसऱ्याच्या खात्यात जमा होणार आहेत. पाइप जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं, दरवर्षी, टनामागे ठरलेलं भाडं त्या जमिनीला मिळालं पाहिजे. मोबदल्याची ही पद्धत मसुद्यात आली पाहिजे, जिल्हाधिकाऱ्यांच्या दयेवर राहता कामा नये.

नंदुरबारबद्दल वेगळं लिहिते. नवापूरचा पट्टा पाचव्या अनुसूचीतला आहे. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, राज्याचे नियम २०१४ चे आहेत, ग्रामसभेला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या जिल्ह्याने उकाई धरणाचं पाणी पाहिलं आहे. अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावं सरदार सरोवराने बाधित झाली. वीज, पाणी, आता हवामान, दर वेळी देशाचं काम असतं आणि दर वेळी डोंगरातल्या माणसाला शेवटी कळतं. पाइपसाठी फक्त वापरहक्क घेतोय, जमीन घेत नाही, असं म्हणून ग्रामसभा टाळण्याची पळवाट कुणी काढू नये, हे नंदुरबारच्या प्रतिनिधींनी आधीच लेखी बांधून घ्यावं. पावरी, भिलोरी, मावची ज्यांची बोली त्यांना त्या बोलीत हा वायू काय करतो ते सांगितलं गेलं पाहिजे. मेणबत्तीचा प्रयोग दाखवायला मी कुठल्याही गावात यायला तयार आहे.

आता सर्वांत अवघड मुद्दा, कारण माझ्या विद्यार्थ्यांच्या घरांची चूल त्याच्याशी जोडलेली आहे. कोळशाच्या केंद्राला हे तंत्र जोडावं का? माझं उत्तर: सुरुवात तिथून नको.

सिमेंटचं गणित वेगळं आहे. १०० ग्रॅम चुनखडी भाजली की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवा, हायड्रोजनवर चालवा, हे ४४ ग्रॅम चुकत नाहीत, ते दगडातच आहेत. म्हणून नॉर्वेतल्या ब्रेविकच्या सिमेंट कारखान्याने २०२५ मध्ये वर्षाला ४ लाख टन वायू पकडणारं यंत्र सुरू केलं. तो वायू जहाजाने नेऊन नॉर्दर्न लाइट्स प्रकल्पाच्या पाइपने समुद्रतळाखाली २६०० मीटरवर सोडतात. पोलाद आणि खतांचंही असंच, तिथे पर्याय थोडे आहेत. विजेला पर्याय आहेत, आणि ते आपल्याच अंगणात आहेत. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प कित्येक वर्षं चालू आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरत आहेत.

आणि प्रमाण बघा. नॉर्दर्न लाइट्सच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला १५ लाख टन आहे. दीपनगरचा ५०० मेगावॅटचा एक संच त्याच्या दुप्पट वायू सोडतो. कॅनडात बाउंडरी डॅम या कोळसा केंद्रात २०१४ पासून हे तंत्र बसवलं आहे, तिथल्या जेमतेम ११० मेगावॅटच्या संचावर, आणि वर्षाला १० लाख टनांचं ठरवलेलं उद्दिष्ट वारंवार हुकलं आहे. धुरातून वायू शोषून घ्यायला अमाइनचा द्राव वापरतात, तो पुन्हा मोकळा करायला १२० अंशांच्या आसपास तापवावा लागतो. त्यासाठी बॉयलरची वाफ लागते. परिणामी केंद्राच्या विजेतला पाव भागाच्या आसपास हिस्सा तिथेच खर्च होतो. तेवढीच वीज बाहेर द्यायची तर कोळसा जास्त जाळायचा. पाणी तर आणखी जास्त, थंड करण्याची गरज दीडपटीकडे जाते. ते पाणी येणार तापीतून, हतनूरमधून. हतनूरमध्ये गाळ किती भरला आहे, आणि त्याच धरणाकडे किती गावांचे, किती पालिकांचे, किती कारखान्यांचे डोळे लागलेले असतात, हे आपल्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार?

त्यात हा अमाइनचा द्राव गंधकाच्या वायूने खराब होतो. म्हणजे कार्बन पकडण्याआधी धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागते. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने देशातल्या बहुतांश कोळसा केंद्रांना याच यंत्रणेतून सूट दिली. पहिली पायरी काढून घेतली आणि चौथ्या पायरीची भाषा चालू आहे. एखादा संच समुद्रतळ साठवणीसाठी ‘सज्ज’ ठेवला आहे असं कुणी आपल्याला सांगितलं तर आधी विचारा की गंधक काढण्याचं काय झालं.

माझी भीती ही आहे की कार्बन पकडण्याचं नुसतं आश्वासन पुढे करून जुन्या संचांचं आयुष्य वाढवलं जाईल. धूर तोच राहील, पाणी तेवढंच जाईल, आणि आमच्या मुलांना नव्या कामाचं प्रशिक्षण द्यायची वेळ पुढे ढकलली जाईल. केंद्रातले कंत्राटी कामगार उद्या सौर पार्कमध्ये, वीज साठवणुकीत, पाइपच्या तपासणीत काम करू शकतात, पण त्यासाठी आजपासून आयटीआयमध्ये अभ्यासक्रम लागतील. संच बंद झाल्यावर सुरू केलेल्या अभ्यासक्रमाचा त्या घरांना काही उपयोग नाही.

कुणी सुचवेल की समुद्रापर्यंत जायचंच कशाला, खान्देशच्या पोटात काळा पाषाण आहे, त्यातच जिरवा. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने पाण्यात विरघळवलेला वायू बेसॉल्टमध्ये, म्हणजे अशाच काळ्या पाषाणात सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त भागाचा दगड झाला, हे खरं आहे आणि शास्त्र म्हणून फार सुंदर आहे. पण त्या पद्धतीत टनभर वायूला सुमारे २५ टन पाणी लागतं. शिवाय आपल्या किती गावांच्या पिण्याच्या विहिरी त्याच पाषाणात आहेत. संशोधन जरूर व्हावं, पण आमच्या विहिरींच्या जवळपास प्रयोग नको. त्यापेक्षा समुद्रतळ बरा.

शेवटचा मुद्दा जबाबदारीचा. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार साठवणीची जागा बंद झाल्यावरही साधारण किमान वीस वर्षं जबाबदारी कंपनीकडेच राहते आणि पुढच्या देखरेखीसाठी पैसे आधी बाजूला ठेवावे लागतात. हा नियम साठवणीच्या जागेचा आहे. आपल्या कायद्यात तो पाइपच्या संपूर्ण मार्गालाही लागू करून घ्या. बंद पडलेला पाइप जमिनीत सोडून कंपनी निघून गेली, असं होता कामा नये. काढायचा कुणी, पट्टा शेतकऱ्याला मोकळा कधी होणार, सातबाऱ्यावरची ओळ कुणी पुसायची, हे पहिल्याच दिवशी लिहिलेलं असावं. तोमाकोमाईत तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला आणि नगरपालिकेला सोबत घेऊन काम झालं. आपल्याकडे केळी उत्पादक आहेत, दूध संघ आहेत, विविध कार्यकारी सोसायट्या आहेत. त्यांना सोबत घ्यायला काय हरकत आहे?

आपल्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. खासदारांनी येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारावा: कार्बनच्या पाइपलाइनसाठी १९६२ चा कायदाच वापरणार की नवा आणणार, तापी खोऱ्यातून कुठल्या मार्गाची पाहणी झाली आहे का, आणि कोळशाच्या केंद्रांच्या आधी सिमेंट-पोलादाला प्राधान्य देणार का. आमदारांनी राज्याच्या ऊर्जा खात्याकडून लेखी घ्यावं की हतनूरच्या पाण्याचा हिशोब जाहीर केल्याशिवाय आणि गंधक काढण्याची यंत्रणा बसल्याशिवाय दीपनगरमध्ये कार्बन पकडण्याची कुठलीही योजना मंजूर होणार नाही. आणि आपण सर्वांनी मिळून पक्ष बाजूला ठेवून भुसावळ, अमळनेर आणि नवापूर इथे एकेक जाहीर बैठक घ्यावी, तज्ज्ञांना बोलवावं, आणि लोकांच्या प्रश्नांची उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. बैठक संध्याकाळी ठेवा, दिवसा शेतकरी मोकळा नसतो. अधिसूचना निघाल्यावरच्या २१ दिवसांत हे होणार नाही. आज वेळ आहे.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका,
भुसावळ, जि. जळगाव